सायकलीचे तिकीट

वर्धा जिल्ह्यातून बाहेर पडणे गेल्या काही वर्षांत फार सोपे झाले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये मुंबईच्या दारापर्यंतचा ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता खुला झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्ध्याहून कळंबपर्यंत नव्या मार्गावर रेल्वे धावू लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये अजनी-पुणे वंदे भारत आली आणि वर्ध्याला थांबू लागली. लग्नाकार्यात, ओट्यावर, दवाखान्याच्या बाकावर लोक आता अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाहीत, तासांत सांगतात.

हीच यादी सायकलीच्या बाजूने वाचली, तर वेगळी दिसते. समृद्धीवर दुचाकीलाच मनाई आहे, मग सायकलीची काय कथा! वंदे भारतला सामानाचा डबाच नाही. खाजगी ट्रॅव्हल्सची डिकी कुरिअरच्या खोक्यांनी आधीच भरलेली असते. एसटीच्या नव्या गाड्यांना मागची शिडीही नाही आणि टपावरचे कॅरिअरही नाही. माणसाची सोय जसजशी वाढली, तसतशी त्याच्या सायकलीची जागा कमी झाली. मला हा आजच्या प्रवासातला एक महत्त्वाचा आणि दुर्लक्षित प्रश्न वाटतो.

सायकल घेऊन लांबच्या प्रवासाला जाणारा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हेल्मेट घातलेला, चकचकीत कपड्यांतला हौशी माणूस येतो. तोही आहे, आणि त्याला माझा नमस्कार. पण सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात आणि वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात देशाच्या कानाकोपऱ्यातून मुले येतात. आपल्याकडची मुले पुण्या-मुंबईला शिकायला जातात. देवळीच्या एमआयडीसीत उत्तरेकडचे कामगार येतात आणि काम संपले की परततात. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या शाळकरी मुलींना सायकलीसाठी सरकार पैसे देते. ही रक्कम २०२२ मध्ये साडेतीन हजारांवरून पाच हजार झाली. त्या सायकलीवर बारावी झालेली मुलगी पुढे शहरात गेली, तर सायकल तिच्याबरोबर जाते का? बहुधा नाही. ती गोठ्यात टेकून राहते आणि मुलगी शहरात शेअर रिक्षाला रोज पैसे मोजते.

मी बँकेत होतो तेव्हा दूधवाले, पाववाले, भंगार गोळा करणारे अशांची सायकलीसाठीची छोटी कर्जे मंजूर केली आहेत. अशा कर्जात पहिला प्रश्न एकच असायचा : या वस्तूने महिन्याला किती सुटतील? सायकल लांब न्यायची की नाही, हे ठरवतानाही मी तोच प्रश्न विचारतो. चाळीस हजारांच्या सायकलीला हजार-दीड हजार वाहतूक लागली, तर कुणी कुरकुर करणार नाही. पाच हजारांच्या सायकलीला तेवढीच लागली, तर किमतीचा पाव हिस्सा रस्त्यातच गेला. आणि जुन्या, दीड हजारांच्या सायकलीचे तर नावच घ्यायला नको. म्हणजे जिला सायकल खरोखर लागते, तिलाच ती नेणे परवडत नाही. स्वस्त वाहतुकीचा विचार हवा तो या खालच्या टोकासाठी.

या सगळ्यात आजही सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा मार्ग रेल्वेचाच आहे. फक्त तो कुणी नीट समजावून सांगत नाही. रेल्वेत सायकल दोन प्रकारे जाते : लगेज म्हणून किंवा पार्सल म्हणून. खिडकी बहुधा एकच असते, त्यामुळे लोकांचा गोंधळ होतो. लगेज म्हणजे तुमच्याजवळ त्या गाडीचे तिकीट आहे आणि सायकल त्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून तुमच्याबरोबर येते. पार्सल म्हणजे तुम्ही नसलात तरी चालेल, सायकल जागा मिळेल त्या गाडीने जाईल आणि पोचेल तेव्हा पोचेल. स्वतः प्रवास करत असाल, तर लगेज हाच शब्द उच्चारा, तिकीट पुढे करा आणि पावतीवर गाडीचा नंबर आहे की नाही ते तिथेच वाचा. पावती खिशात घातल्यावर वाचायची नसते, हे मी पस्तीस वर्षे काउंटरच्या आतून लोकांना सांगत आलो.

एक गैरसमज मात्र घरोघरी आहे. स्लीपरच्या तिकिटावर ४० किलो आणि साध्या दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर ३५ किलो सामान फुकट नेता येते, हे खरे. मग पंधरा किलोची सायकल आणि दहा किलोची बॅग मिळून पंचवीसच झाले, पैसे कशाचे? पण सायकल, स्कूटर अशा वस्तूंना ही सवलत लागू नाही. सायकलीचे भाडे वेगळे भरावेच लागते. ती डब्यात सीटखाली सरकवायचा विचारही सोडून द्यावा. डब्यात न्यायच्या पेटीचे माप जास्तीत जास्त १०० बाय ६० बाय २५ सेंटिमीटर ठरलेले आहे, आणि घडीची सायकलसुद्धा जाडीत बहुधा त्यापुढे जाते. टीटीई दयाळू निघाला तर गोष्ट वेगळी. पण दया हा काही प्रवासाचा नियम नव्हे.

भाचीची सायकल पुण्याला न्यायची होती तेव्हा मी तिच्याबरोबर वर्धा स्टेशनवर गेलो होतो. महाराष्ट्र एक्सप्रेस गोंदियाहून निघून पुण्यावरून कोल्हापूरला जाते, म्हणजे मध्ये गाडी बदलणे नाही. हे फार महत्त्वाचे. गाडी बदलली की सायकल एका फलाटावरून दुसऱ्यावर कोण नेणार, कधी नेणार, हा प्रश्न उभा राहतो, म्हणून थोडी गैरसोयीच्या वेळेची असली तरी थेट गाडीच घ्यावी. नियमाने गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधी सामान कार्यालयात द्यायचे असते. प्रत्यक्षात दोन तास आधी जावे, कारण बांधणी व्हायची असते. स्टेशनबाहेर गोणपाट, सुतळी आणि दाभण घेऊन बसलेल्या माणसाने भाचीच्या सायकलीकडे पाहिले आणि मला विचारले, "साहेब, हे नवी हाय का जुनी?"

"दोन वर्षांची आहे. का हो?"

"नवी असन तं पुठ्ठा लावतो जी. जुनी असन तं गोणपाट पुरते. तुम्ही उगा पैसे काहून घालवता?"

भाची म्हणाली, "मामा, पुठ्ठा लावू द्या." पुठ्ठा लागला. माणूस मात्र मला आवडला. गिऱ्हाईकाचा खर्च वाचवणारा सल्ला हल्ली कुठल्याही काउंटरवर मिळत नाही.

त्याच्याकडून शिकलेल्या चार गोष्टी सांगतो. टायरमधली हवा निम्मी काढावी, पूर्ण काढू नये, नाहीतर ढकलताना रिम दबते. हँडल सैल करून चाकाला समांतर वळवावे. पायडल काढून पिशवीत घालून कॅरिअरला बांधावेत. डावा पायडल उलट्या आट्यांचा असतो, तो उजवीकडे फिरवला की सुटतो. सगळा जोर लावून त्याला आणखी घट्ट करून ठेवणारे बरेच असतात. पुढचे चाक काढले असेल, तर चिमट्याच्या दोन टोकांमध्ये लाकडाचा तुकडा अडकवावा, म्हणजे वर ओझे पडले तरी चिमटा आत दबत नाही. गिअरची सायकल आडवी ठेवायची वेळ आली, तर साखळीची बाजू वर. आणि नाव, उतरायचे स्टेशन व मोबाइल नंबर दोन ठिकाणी लिहावेत, एकदा गोणपाटावर आणि एकदा आत दांड्याला चिकटवून. वरचा कागद फाटतोच.

मात्र रेल्वेचे भाडे म्हणजे सगळा खर्च नव्हे. घर ते स्टेशन मालवाहू ऑटो, बांधणी, हमाल, आणि उतरल्यावर पुन्हा हमाल नि ऑटो, असे धरून बेरीज करावी. सायकल सोडवायला उशीर झाला तर व्हार्फेज नावाचा दंड वेगळा. यातला ऑटोचा खर्च तरी वाचवता येतो : स्टेशनपर्यंत सायकल चालवत जा, तिथे बांधा, आणि उतरल्यावर तिथेच सोडून, हवा भरून, चालवत निघा. यासाठी छोटा पंप आणि दोन पाने पाठीवरच्या पिशवीत असले की झाले. वर्ध्याच्या लोकांनी आणखी एक लक्षात ठेवावे. मुंबई-पुण्याच्या गाड्या वर्धा जंक्शनवरून, आणि दिल्ली-चेन्नई मार्गावरच्या गाड्या सेवाग्रामवरून. दोन्ही स्टेशने काही किलोमीटर अंतरावर आहेत आणि रात्री चुकीच्या स्टेशनवर सायकल घेऊन उभे राहण्यासारखी शिक्षा नाही.

आता बँकेच्या माणसाला खटकणारी गोष्ट. सामान हरवले किंवा मोडले, तर रेल्वेची जबाबदारी किती? १९९० च्या नियमांप्रमाणे, आधी किंमत जाहीर करून जादा आकार भरला नसेल, तर लगेजला किलोमागे १०० रुपये आणि पार्सलला किलोमागे ५० रुपये. १९९० साली वीस किलोची काळी, जड सायकल या हिशेबाने दोन हजारांची धरली जात होती आणि दुकानात ती त्याहून पुष्कळच कमी किमतीला मिळत होती. म्हणजे संरक्षण पुरेपूर होते. आज तीच सायकल दोन हजारांत मिळत नाही. आणि गंमत अशी की सायकल जितकी महाग, तितकी ती हलकी. बारा किलोच्या चाळीस हजारी सायकलीला बाराशे रुपये आणि वीस किलोच्या साध्या सायकलीला दोन हजार! वजनावर भरपाई देणाऱ्या नियमाला ॲल्युमिनियमचा शोध लागल्याचे कुणी कळवलेले दिसत नाही. म्हणून महागडी सायकल असेल तर किंमत जाहीर करून आकार भरावा, बिलाची प्रत जवळ ठेवावी आणि बांधण्यापूर्वी फोटो काढून ठेवावेत. साध्या सायकलीला एवढा उपद्व्याप नको.

रेल्वे नको असेल तर ट्रान्सपोर्ट आणि कुरिअर आहेत. कुरिअरवाल्यांचे गणित आधी समजून घ्यावे. ते नुसते वजन पाहत नाहीत, खोक्याचे आकारमानही मोजतात : लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि साधारण ५,००० ने भागायचे. सायकलीचे खोके १३५ बाय ७५ बाय २२ असेल, तर उत्तर साडेचव्वेचाळीस किलो येते. सायकल पंधरा किलोची, पैसे पंचेचाळीस किलोचे! बाकीची तीस किलो हवा तुम्ही पाठवता. खोके लहान करणे, दोन्ही चाके काढून सांगाड्याला चिकटवून बांधणे, हाच त्यावर उपाय. ट्रकच्या ट्रान्सपोर्टचे दर त्यापेक्षा कमी पडतात, पण तिथे खोके गोदामापर्यंत आपणच न्यायचे आणि सोडवायलाही आपणच जायचे. माझे एक पुस्तकांचे खोके एका ट्रान्सपोर्टने तीन आठवडे कुठल्याशा गोदामात ठेवले होते. पुस्तके थांबू शकतात. कॉलेज सुरू झालेली मुलगी कशी थांबेल?

विमानाचे बोलायचे तर देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुधा पंधरा किलो सामान असते, आणि सायकल नि खोके मिळूनच ते संपते. कपडे अंगावर घालून जावे लागतील. ट्रॅव्हल्सवाल्यांशी मात्र बोलून पाहावे. गर्दीचा हंगाम नसेल आणि सायकल चाके काढून बांधलेली असेल, तर डिकीत जागा निघते. ही वाटाघाट ऑफिसात न करता गाडी लागल्यावर क्लीनरशी करायची असते, आणि पैसे सायकल आत गेल्यावर द्यायचे असतात. पावती मिळत नाही, म्हणजे जोखीम पूर्ण आपली.

एसटीच्या टपाविषयी मात्र चार ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. आर्वी, आष्टी, कारंजा या भागांत ज्यांचे बालपण गेले, त्यांना टपावर आडव्या बांधलेल्या सायकली, कापसाची गाठोडी आणि शिडीवर चढून ते सगळे वर ओढून घेणारा माणूस आठवत असेल. कंडक्टर सायकलीचे वेगळे तिकीट फाडायचा. आई-वडिलांबरोबर सायकलीनेही तिकीट काढले, याचे आम्हा पोरांना भारी अप्रूप. त्या टपाने आडगावच्या माणसाला तालुक्याशी जोडले होते. एसटीने मे २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, मालवाहतूक सुरू केली. पण ती ट्रकभर मालासाठी आहे, एकट्या सायकलीसाठी नाही.

टाळेबंदीचा विषय निघालाच आहे, तर तिथे जरा थांबू. हैदराबादहून उत्तरेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ आपल्या हिंगणघाटवरून, जामवरून जातो. एप्रिल-मे २०२० मध्ये त्या रस्त्याने किती माणसे चालत गेली आणि किती सायकलींवर गेली, ते या भागातल्या लोकांनी पाहिले आहे. अनेकांनी घरून पैसे मागवून किंवा होते-नव्हते ते विकून जुनी सायकल घेतली होती. गाड्या बंद असताना तेवढे एकच वाहन त्यांच्या हाती होते. पुढे उत्तर प्रदेशात सहारनपूरला काय झाले, ते ऐका. पंजाब, हरियाणाकडून आलेल्या कामगारांना तिथे अडवले, निवारा दिला आणि नंतर बसमध्ये बसवून गावाकडे पाठवले. सरकारने माणसांची सोय केली. सायकली मात्र बसमध्ये जाऊ शकत नव्हत्या. त्यांना टोकन देऊन सायकली मैदानात ठेवून घेतल्या गेल्या. पुष्कळ लोक नंतर येऊन घेऊन गेले. जे आले नाहीत त्यांच्या सुमारे ५,४०० सायकलींचा २०२२ मध्ये लिलाव झाला आणि सरकारला त्याचे २१ लाखांच्या वर रुपये आले.

मी भागाकार केला. एका सायकलीचे चारशे रुपयेही पडत नाहीत. मालक का आले नसतील? बिहारमधल्या किंवा पूर्व उत्तर प्रदेशातल्या गावाहून सहारनपूरला येण्याचे भाडे, बुडालेली मजुरी, आणि परत सायकल नेण्याचा खर्च, हे सगळे मिळून सायकलीच्या किमतीपेक्षा जास्त होत असणार. कुणी त्यांची सायकल चोरली नाही, कुणी जप्तीही केली नाही. वाहतुकीच्या खर्चानेच ती त्यांच्यापासून काढून घेतली. त्या बसच्या मागे एखादा रिकामा ट्रक जोडला असता तर? असे ट्रक उभे होते, चालक रिकामे होते, डिझेल स्वस्त होते. पण माणसाबरोबर त्याची सायकलही न्यायची असते, हे कुणाच्या रकान्यातच नव्हते.

आपल्या जिल्ह्याचे सायकलीशी नाते जुने आहे. हिंगणघाटला जन्मलेल्या बाबा आमट्यांनी १९८५ मध्ये तरुणांना सायकलींवर घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रा काढली आणि १९८८ मध्ये इटानगर ते ओखा अशी दुसरी. अशा यात्रांच्या वर्णनांत चढ, पाऊस, गावोगावचे स्वागत सगळे असते. पण सायकली सुरुवातीच्या गावी कशा पोचल्या आणि शेवटच्या गावाहून परत कशा आल्या, हे सहसा कुणी लिहीत नाही. कुठल्याही यात्रेचा निम्मा हिशेब तिथेच असतो. (आणि ज्या वर्ध्याच्या बजाज घराण्याने पुढे सगळ्या देशाला स्कूटरवर बसवले, त्याच गावात सायकलीची कड घेऊन लिहावे लागते, हाही एक विनोदच.)

बाहेर काय करतात? जपानमध्ये सायकल सुटी करून पिशवीत घातली, की ती प्रवाशाबरोबर डब्यात फुकट जाते. युरोपीय संघाने २०२१ मध्ये नियम केला की नव्या आणि मोठी दुरुस्ती झालेल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत सायकलींसाठी किमान चार जागा असाव्यात. चारच! अवाच्या सवा मागणी नाही. त्यांची लोकसंख्या वेगळी, गर्दी वेगळी, हे मला मान्य आहे. पण उदाहरणासाठी परदेशात जायचे कारणच नाही. नागपूर मेट्रोत सायकल घेऊन चढता येते, मुंबईच्या मेट्रोनेही २०२२ मध्ये ती मुभा दिली. वर्ध्याचा एखादा दमदार तरुण नागपूर रोडने खापरीपर्यंत सायकल मारत गेला, तर तिथून मेट्रोत सायकलीसकट शहराच्या दुसऱ्या टोकाला उतरू शकतो.

लांबच्या गाड्यांत मात्र उलटे चालले आहे. जुन्या एक्सप्रेसच्या ब्रेकव्हॅनमधली बरीच जागा कंत्राटदारांना भाडेपट्टीने दिलेली असते. त्यातून उरेल ती प्रवाशाच्या सामानाला. नव्या वेगवान गाड्यांना ब्रेकव्हॅनच नाही. उद्या सगळ्या गाड्या वंदे भारतसारख्या झाल्या, तर सायकल बुक करण्याचा नियम पुस्तकात राहील आणि ती ठेवायची जागा कुठेच नसेल. आज विदर्भ, महाराष्ट्र, सेवाग्राम या जुन्या एक्सप्रेस गाड्यांच्या सामानाच्या डब्याकडे आपण मागासलेपण म्हणून पाहतो. गरीब माणसाची सायकल, शिलाई मशीन आणि बाजेची फ्रेम त्याच डब्यातून जाते. प्रवासी संघटना थांब्यांसाठी निवेदने देतात, तसे एखादे निवेदन ब्रेकव्हॅनमधल्या चार सायकलींच्या जागेसाठी खासदारांकडे गेले, तर बिघडणार काही नाही.

तोवर घरातल्या मुलाला किंवा मुलीला जूनमध्ये बाहेरगावी पाठवणाऱ्यांनी साधा हिशेब करावा. सायकलीची आजची विकाऊ किंमत एका बाजूला लिहा. दुसऱ्या बाजूला बांधणी, भाडे, दोन्हीकडचे हमाल आणि ऑटो. खर्च किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी असेल, तर सायकल न्या. निम्म्याहून जास्त असेल, तर इथेच धाकट्या भावंडाला किंवा शेजारच्या पोरीला द्या आणि तिकडे वसतिगृहातून शिक्षण संपवून जाणाऱ्या एखाद्या मुलाची घ्या. मे महिन्यात अशा सायकली मातीमोल जातात, म्हणून शक्य असेल तर प्रवेशाच्या फेरीलाच चौकशी करून ठेवावी. या दोन्हींच्या मध्ये उत्तर आले, तर पोरीलाच विचारा. माझ्या भाचीचे उत्तर मध्ये आले होते. मी विकायला सांगत होतो. ती म्हणाली, "मामा, हिचे ब्रेक मला माहीत आहेत."